फिकी पट्टी

स्कॅनरच्या पडद्यावर आकडा उमटला तेव्हा, सगळे जिला फुटपट्टी म्हणत तिला चक्क हसू आलं. एक पूर्णांक नऊ. तिथे चार यायला हवे होते. "दुरुस्त करून पाठवलाय म्हणे," असं पुटपुटत तिने स्कॅनरची काच पुसली, फिल्मची पट्टी सरळ केली आणि झाकण पुन्हा लावलं. एक पूर्णांक नऊ. पुढची पट्टी ठेवली, तिचाही तोच आकडा. त्याच्या पुढचीचाही तोच. पाचव्या पट्टीला हसू मावळलं आणि सातवी पट्टी चिमट्यातून दोनदा निसटली.

स्कॅनर बिघडलेलाच असावा, अशी तिची मनापासून इच्छा होती. म्हणून तिने कपाटातून पारखलेल्या पट्ट्या काढल्या. त्यांच्यावर किती किरणं पडली आहेत हे आधीपासून पक्कं ठाऊक होतं. स्कॅनरने त्या एकूण एक बरोबर वाचल्या. मग तिने लिफाफ्यातली अगदी पहिली, चार आठवड्यांपूर्वीची पट्टी ठेवली. चार. चोख चार. म्हणजे स्कॅनर शहाण्यासारखा वागत होता. तिच्या काकाच्या खांद्यामागच्या गाठीला पहिल्या दिवशी पुरता डोस मिळाला होता आणि त्यानंतर सात वेळा निम्मासुद्धा मिळाला नव्हता.

घड्याळात नऊ वाजत होते. अकराला काकाची नववी पाळी होती. लवकर यायची त्याची जुनी खोड, तेव्हा खालच्या बाकावर तो येऊन बसलाही असेल.

फुटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दिसेल ते मोजायची सवय असलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? ही बाई नवीन टेबल आलं की त्याची उंची मोजायची, आणि चहा गार व्हायला किती मिनिटं लागतात तेही एकदा मोजून झालं होतं. तिचं काम म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर किरणं नेमकी किती पडतात ते सांगणं. एवढंच. पण एवढंच म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं.

कारण यंत्र साधं नव्हतं. इतर इस्पितळांत इलेक्ट्रॉनला वेग द्यायला माणसाएवढी लांब नळी लागते. इथे लेझरचा एक झटका वायूच्या बारीकशा फुंकरीवर मारायचे आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत इलेक्ट्रॉन तेवढाच वेग घ्यायचे. लेझर स्वतः मात्र शेजारच्या हॉलमध्ये, आरशांच्या पसाऱ्यासकट, लाडावलेल्या जावयासारखा ऐसपैस पसरलेला असायचा. इलेक्ट्रॉन येतात ते सगळे एका लोंढ्यात, पापणी लवण्याच्याही कितीतरी पट कमी वेळात. आणि अशा लोंढ्याने गाठ मरते पण आजूबाजूची चांगली कातडी वाचते, असं सगळ्यांना वाटत होतं. वाटत होतं म्हणूनच तर हे प्रयोग चालू होते.

अडचण मोजण्याची होती. डोस मोजतात तो शिंप्याच्या अंगुस्तानाएवढ्या एका कुपीने. कुपीतल्या हवेत किरणांमुळे विजेचा भार सुटतो, तो मीटरने मोजायचा. पण लोंढा इतका दाट, की सुटलेला भार मोजला जाण्याआधीच आपापसात मिटून जातो आणि कुपी बिचारी निम्म्याहूनही कमी सांगते. नेमकं किती कमी, हे शोधण्यात फुटपट्टीची दोन वर्षं गेली. शेकडो पट्ट्यांवर किरणं मारून तिने उत्तर काढलं: मीटर सांगेल त्याला दोन पूर्णांक एकने गुणा. सगळे त्याला 'फुटपट्टीचा गुणक' म्हणायचे. ती वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायची, पण आतून चांगली शेफारली होती. रोज सकाळी पाण्याच्या टाकीत कुपी सोडायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा, पेनाने गुणाकार करायचा आणि उत्तर मोठ्याने म्हणायचं, हा तिचा नेम होता. गुणाकार ती कुणालाही करू देत नसे.

आणि काका? काकाने आयुष्यभर फोटो धुतले. बाप लवकर गेला, तेव्हा त्यानेच तिला वाढवलं, तेही जवळजवळ डार्करूममध्येच. लाल दिव्याखाली उभं राहून ती अक्षरं शिकली. काकाचा एकच नियम होता: आधी पट्टी, मग फोटो. कागदाची एक अरुंद पट्टी आधी उजेड देऊन धुवायची, गडद आली की फिकी ते डोळ्यांनी बघायचं, मगच पूर्ण कागदाला हात लावायचा. खांद्यामागे गाठ निघाली तेव्हा नव्या यंत्राला तो अजिबात तयार नव्हता. तिने त्याला आठवडाभर समजावलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं होतं, "मोजणार तू ना? मग चालेल."

तिसऱ्या पाळीनंतरची गोष्ट. प्रत्येक वेळी पेशंटच्या अंगावर एक छोटी पट्टी चिकटवायची पद्धत होती. किरणांनी ती काळपट होते, दुसऱ्या दिवशी ती स्कॅनरवर वाचायची. तिने काकाच्या खांद्यावरची पट्टी सोलून काढली तेव्हा तो मान वाकडी करून बघत होता.

"ही कच्ची राहिलीय गं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीची चांगली गडद होती."

"काका, हा तुझा फोटो नाहीये. ही गडद व्हायला एक दिवस जावा लागतो."

"पहिल्या दिवशीपण मी लगेचच बघितली होती की."

"बरं बाबा, तुला जास्त कळतं," असं हसत म्हणून तिने पट्टी लिफाफ्यात टाकली. स्कॅनरचा दिवा त्याच आठवड्यात गेला होता आणि नवीन यायला महिना लागणार होता, म्हणून सगळ्यांच्या पट्ट्या लिफाफ्यांत साठत होत्या. बाकी सगळं झकास चाललं होतं. काकाचा खांदा लालसुद्धा झाला नव्हता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई तर हरखून गेल्या होत्या.

आता, स्कॅनरसमोर बसल्या बसल्या, तिला ते हसत म्हटलेलं वाक्य आठवलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

ती वही उचलून लेझरच्या हॉलकडे धावली. लेझरवाला, म्हणजे ते सगळं यंत्र जिवापाड सांभाळणारा इंजिनिअर, आरसे पुसत शीळ घालत होता.

"पहिल्या पाळीनंतर मी तीन दिवस रजेवर होते, काकाला माझ्या घरी आणायला," ती धापा टाकत म्हणाली. "त्या तीन दिवसांत तू काय काय बदललंस?"

"काय म्हणजे? वायूच्या फुंकरीचं नवं नोझल बसवलं! विसरलीस? तूच तर मंगळवारी आल्या आल्या सांगितलंस, किरणं दुप्पट झाली म्हणून. दोनशे झटक्यांचं काम पंचाण्णववर आलं. मी तेव्हापासून हवेत आहे."

"नोझल सोड. मीटरमध्ये काय बदललंस?"

"मीटरमध्ये नवा प्रोग्राम टाकला फक्त." तो हसला. "आणि तुझा गुणक आत बसवून टाकला. रोज पेन घेऊन बसतेस, म्हटलं तेवढाच त्रास वाचेल. आमच्या वहीत लिहिलंय की."

आमच्या वहीत. लेझरवाल्यांची वही लेझरवाले वाचायचे, मापवाल्यांची मापवाले. दोन्ही वह्या एकाच कपाटात, एकमेकींना टेकून ठेवलेल्या असायच्या आणि आजवर त्यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं.

तिने स्वतःची वही त्याच्यासमोर धरली. त्या मंगळवारचं पान. मीटरचा आकडा, त्यापुढे तिच्या टापटीप अक्षरात गुणिले दोन पूर्णांक एक, त्याखाली उत्तर आणि उत्तराखाली दोन रेघा. लेझरवाल्याने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"मीटर आधीच गुणून देत होतं," तो हळूच म्हणाला.

"आणि मी परत गुणलं. त्या आकड्यावर आपण झटके निम्म्याखाली आणले."

"मग माझं नोझल?"

"तुझ्या नोझलने काहीही केलेलं नाही."

तो लाकडी खोक्यावर बसला. त्याचा चेहरा बघून तिला त्याची कीवही आली आणि संतापही. त्याला नोझल दुप्पट चालायला हवं होतं, तिने आकडा दुप्पट आणून दिला. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली होती. तिने नियमसुद्धा पाळला होता: यंत्रात बदल झाला म्हणून त्या मंगळवारी पाण्यात एक पट्टी ठेवून तिच्यावर किरणं मारली होती. वाचायची तेवढी राहिली होती.

खात्री करायला त्यांना वीस मिनिटं पुरली. प्रोग्राममधला गुणक बंद केला, कुपी पाण्यात सोडली, झटके मारले. मीटरचा आकडा निम्म्याखाली आपटला.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर काकाच्या खांद्याचे मोठे फोटो मांडलेले होते. परिषदेत दाखवण्यासाठी त्या तेच निवडत होत्या.

"ये ये. बघ, सातव्या पाळीनंतरची कातडी. लहान बाळाची असावी तशी. लालीचा मागमूस नाही."

"मॅडम, लाली नाही कारण डोस नाही."

डॉक्टरीणबाईंनी आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे?"

फुटपट्टीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज भलताच सपाट येत होता, दुसरंच कुणीतरी बोलत असल्यासारखा. सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी फोटो गोळा केले, एकावर एक नीट ठेवले आणि उलटे करून टेबलावर ठेवून दिले. चांगली कातडी वाचवणारा चमत्कार म्हणून चार आठवडे ज्याच्याकडे सगळे डोळे लावून बसले होते तो चमत्कार नव्हताच, तिथे पुरेसं काही पोचलंच नव्हतं.

"आजच्या पाळ्या बंद," त्या शेवटी म्हणाल्या. "काकांना मी सांगते."

"मी सांगते. त्याने माझ्या भरवशावर होकार दिला होता."

दोघी खाली गेल्या. काका बाकावर बसून शेजारच्या कुणालातरी शर्टाची कॉलर ओढून खांदा दाखवत होता. "हात लावून बघा, काही नाही! आमच्या पुतणीचं यंत्र आहे हे." तिला बघून त्याचा चेहरा फुलला आणि जवळ आल्यावर उतरला. लहानपणापासून तिचा चेहरा त्याने अंधारात वाचलेला.

त्याला आतल्या खोलीत नेऊन तिने दोन पट्ट्या त्याच्या हातावर ठेवल्या. तो खिडकीपाशी गेला आणि जुन्या सवयीने त्या उजेडावर धरल्या.

"ही बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि ही कच्ची. मी म्हटलं नव्हतं, कच्ची आहे म्हणून?" बरोबर ठरल्याचा आनंद त्याच्या आवाजात क्षणभर खरोखर उमटला. मग पट्ट्या धरलेला हात हळूहळू खाली आला आणि दुसरा हात आपोआप खांद्यामागे गेला. "म्हणजे हे... हे माझं..."

"हो काका. मी दोनदा गुणलं. सात वेळा तुला निम्म्याहून कमी मिळालं."

तो खुर्ची चाचपत बसला. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं: गाठ मोजून बघू, चार पाळ्या बाकी आहेत, त्यात काही वाढवता येतील, हिशेब नव्याने मांडू, पण सगळं भरून निघेल असं मी आज म्हणणार नाही. तो मान हलवत होता. त्याला किती ऐकू जात होतं कोण जाणे. फुटपट्टी त्याच्या पायाशी खाली बसली होती. त्याने एक जोरात शिवी द्यावी असं तिला वाटत होतं. त्याने जन्मात कधी शिवी दिली नव्हती.

"तू हसली होतीस मला," तो म्हणाला. रागाने नव्हे, नुसतं आठवून.

"हो."

मग त्याने एकदम मान वर केली. "आणि बाई?"

"कोण बाई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गणिताच्या बाई. माझ्याबरोबर मंगळवार-शुक्रवार असायच्या त्या. त्यांना सांगितलंत का?"

सकाळपासून दोन तासांत फुटपट्टीच्या मनात बाई एकदाही आल्या नव्हत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाई, मानेवर कानाखाली गाठ असलेल्या, बाकावर काकाला कोडी घालून छळणाऱ्या. त्यांच्या बारा पाळ्या गेल्या शुक्रवारी पूर्ण झाल्या होत्या. पहिल्या सहा ठीक. शेवटच्या सहा त्या मंगळवारनंतरच्या. गाठ विरली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला होता आणि बाईंनी जाताना फुटपट्टीचा गालगुच्चा घेतला होता.

डॉक्टरीणबाई आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मी करते फोन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे माझं काम आहे."

"तुम्ही जवळ बसा. पण गुणाकार माझा आहे, मॅडम."

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा केला. तीन वेळा वाजला. तेवढ्यात बाईंनी उचलू नये, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याची तिला लाज वाटली.

"बाई, मी फुटपट्टी बोलतेय."

"अगं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! मीच करणार होते फोन." बाईंचा आवाज खणखणीत होता. मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं, पाहुणे आलेले असावेत. "मानेवर अजून एक डाग नाही बघ. माझी बहीण आलीय, तिचा विश्वासच बसेना. तिला म्हटलं, आमच्याकडे मोजणारी मुलगी आहे एक, काटेकोर. आणि काका कसे आहेत?"

"बरे आहेत. बाई, मला तुम्हाला..."

"थांब, आधी माझं. एक शंका होती. कानाखाली दोन दिवसांपासून परत बारीकसं काहीतरी लागतंय बोटाला. वाटाण्याएवढं. आतून भरून येताना तसं होत असेल, नाही का?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. काका खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

फुटपट्टीने सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. मीटर, प्रोग्राम, वही, सहा पाळ्या. उद्या सकाळी या, गाडी पाठवतो, डॉक्टर स्वतः तपासतील, हेही सांगितलं. पलीकडे मागचं हसणं आधी कमी झालं, मग बंद झालं. बाईंनी कुणालातरी हातानेच गप्प केलं असावं.

"दोनदा गुणलंस," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"सहा वेळा."

"हो."

चाळीस वर्षं ज्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या त्या बाईंना याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. फुटपट्टीला रडायचं होतं, पण रडण्याचा हक्क आत्ता आपला नाही एवढं तिला कळत होतं. ती टेबलाची कड घट्ट धरून वाट बघत राहिली.

"आणि ताळा?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. वर्गात चूक झालेल्या मुलीला विचारावं तसंच त्या विचारत होत्या. "ताळा करून बघितला नव्हतास का गं?"

"नाही, बाई," फुटपट्टी म्हणाली.